वकीलताईने सोडलेलं वकीलपत्र

आमच्या वकीलताईने कायद्याचं पुस्तक कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. ती वनस्पतिशास्त्राची. झाडाची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचायची, खाली नाव, ठिकाण, तारीख लिहायची आणि कपाटात ठेवायची. हे काम तिने विद्यार्थिनी असताना सुरू केलं आणि आजही ती तेच करते. फरक इतकाच, की आता कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात आणि टाका वाकडा पडला की ती दुसऱ्यांना रागावते. तिला वकील हे नाव पडलं ते तिच्या प्रार्थनेवरून.

विद्यापीठात आमची ख्रिस्ती विद्यार्थ्यांची सहभागिता होती. वीसेक जण. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही प्राणिशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका जुन्या वर्गात जमायचो, कारण तो वर्ग दुसऱ्या कुणालाच नको होता. तिन्ही भिंतींना काचेच्या बरण्या आणि बरण्यांत साप, बेडूक, सरडे, काय वाटेल ते. एकदा पाहुणे आलेले पाळक मोहाच्या विषयावर बोलत होते. बोलण्याच्या भरात त्यांनी हात मागे टाकला, तो थेट अजगराच्या बरणीवर. उरलेला उपदेश त्यांनी दारात उभं राहून केला.

तर प्रार्थना. आम्ही बाकीचे प्रार्थना करायचो ती साधी. प्रभू, परीक्षा आहे, मदत कर, आमेन. वकीलताई मात्र उभी राहायची, ओढणी सारखी करायची आणि देवापुढे बाजू मांडायची. "प्रभू, या बहिणीला वसतिगृहात खोली मिळायला हवी. का, ते सांगते. पहिलं कारण, तिला दम्याचा त्रास आहे. दुसरं कारण, रोजचे चार तास बसमध्ये जातात. तिसरं कारण, प्रभू, तूच म्हणतोस मागा, म्हणून मागतो आहोत." हे तिच्या घरचं वळण. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आई दवाखान्यात परिचारिका आणि घरात चार मुली. चौघींपैकी कुणी काही मागितलं की वडील यंत्राच्या पोटातून डोकं बाहेर न काढता म्हणायचे, "तीन कारणं सांग." दोन पटली तर वस्तू मिळायची. तिसऱ्या नंबरच्या या मुलीने लहानपणीच ओळखलं, की जगात सगळ्यांशी असंच बोलायचं असतं, स्वर्गातल्या पित्याशीसुद्धा.

मी तिची खोलीतली जोडीदारीण. मी मराठी शाळेतून आलेली, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे आणि तिच्या प्रार्थनेला आमेन म्हणायचे. तेवढं मला जमायचं.

आमच्यात एक रीत होती, विषय घेण्याची. कुणी आपली अडचण सांगितली की तो झाला विषय. मग दुसऱ्या कुणीतरी तो विषय घ्यायचा. म्हणजे रोज त्यासाठी प्रार्थना करायची, बुधवारी सकाळचा नाश्ता सोडायचा आणि आठवड्यातून दोनदा त्या माणसाला गाठून विचारायचं, काय रे, कुठवर आलं? नियम दोनच. सांगणाऱ्याने जेवढं सांगितलं त्यापलीकडे खोदायचं नाही. आणि आपल्याला काही कळलं, तरी ते फोडायचं नाही. हे नियम आमच्या डॉक्टरने घालून दिले होते. डॉक्टर म्हणजे वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, सहभागितेची प्रमुख. तिचा दरारा असा, की तिने "डोळे मिटा" म्हटलं की बरण्यांतल्या बेडकांनीसुद्धा मिटले असते.

आणि होता खुर्चीमंत्री. भूगर्भशास्त्राचा, आमच्याहून एक वर्ष पुढचा. शुक्रवारी पाचलाच येऊन खुर्च्या मांडायच्या आणि सगळे गेल्यावर पाच-पाचच्या चळती रचून भिंतीला लावायच्या, हे काम त्याने आपणहून घेतलेलं. तीन वर्षांत कुणाला सोडलं नाही. "मंत्री खुर्ची सोडत नाहीत," हा विनोद आम्ही दर शुक्रवारी करायचो आणि दर शुक्रवारी तो हसायचा, इतका भला. बोलायचा मात्र मोजकं. आमच्यात सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणत. तोही सगळ्यांना ताई म्हणायचा, मलासुद्धा. वकीलताईला मात्र तो काहीच म्हणायचा नाही. "अं" म्हणायचा. "अं, ती खुर्ची सरकवतेस का?" माझ्या हे लक्षात आलं होतं. तिच्या नाही.

त्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मंत्री उभा राहिला. तो विषय सांगायला उभा राहिला हेच नवल. कान आधी लाल झाले, मग तो बोलला.

"मला नोकरी लागली. विहिरींसाठी जमिनीतलं पाणी शोधायची. लांब आहे. दोन वर्षं सुट्टी नाही. तीस तारखेला निघायचं."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

"हा विषय नाही," तो म्हणाला. "विषय असा, की जाण्याआधी एका बहिणीला विचारायचंय. लग्नाचं. तिने हो म्हणावं, एवढंच."

आणि धाडकन बसला.

वर्गात अशी शांतता, की फॉर्मॅलिनमधल्या सापाने कूस बदलली असती तर ऐकू आलं असतं. हा विषय कोण घेणार? मुलं जमिनीकडे बघायला लागली. आणि वकीलताई ताडकन उभी राहिली. "मी घेते! दादा, तू काही काळजी करू नकोस. तुझं काम झालं म्हणून समज."

मंत्र्याचा चेहरा मी पाहिला. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडल्यावर, हा आपला विषयच नव्हे असं ज्याला कळतं, त्याचा असतो तसा. आणि मला एका क्षणात सगळं समजलं. मी शेजारच्या मुलीचा हात इतका घट्ट धरला, की ती ओरडलीच.

दुसऱ्या शुक्रवारी वकीलताईने बाजू मांडली. आम्ही डोळे मिटलेले. "प्रभू, त्या बहिणीचं नाव आम्हाला माहीत नाही, तुला आहे. ती आत्ता कुठे असेल तिथे तिच्या मनाला हात लाव. पहिलं कारण, असा मुलगा तिला पुन्हा मिळणार नाही. दुसरं कारण, तो कमी बोलतो, पण जे करतो ते पूर्ण करतो, खुर्च्या साक्षीला आहेत. आणि तिसरं कारण प्रभू, ती जर नाही म्हणाली, तर ती ठार आंधळी आहे. तिचे डोळे उघड!"

तिचे उघडले नाहीत, आमचे उघडले. मी एक डोळा किलकिला केला तर समोर डॉक्टरचा एक डोळा उघडा. पलीकडे आणखी एक. सगळं वर्तुळ एकेका डोळ्याने वकीलताईकडे बघत होतं. फक्त दोघांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले, तिचे आणि मंत्र्याचे. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. कुणीतरी हसू दाबायला खोकलं, त्याला लागून दुसरं खोकलं, आणि शेवटी अख्खी सहभागिता खोकत सुटली. प्रार्थना संपवून वकीलताई म्हणाली, "हवा बदलली आहे. सगळ्यांनी गरम पाणी प्या."

वकीलताई पुढे निघून गेल्यावर डॉक्टरने आम्हाला जिन्यात अडवलं. "कळलंय सगळ्यांना?"

"हो!" आम्ही कुजबुजत ओरडलो.

"फोडायचं नाही. तिलाही नाही, त्यालाही नाही. तिला ते त्याच्याच तोंडून कळायला हवं."

"अगं, पण तो मेला तरी बोलणार नाही!" मी म्हटलं.

"मग प्रार्थना कर," डॉक्टर म्हणाली. तिच्याकडे सगळ्यावर हेच औषध.

मी माझ्या आयुष्यात इतकी जिवाच्या आकांताने प्रार्थना केली नसेल. कारण वकीलताई रोज खोलीवर येऊन मला अहवाल द्यायची, आणि मला चेहरा सरळ ठेवून ऐकावं लागायचं.

"आज मंत्र्याला कँटीनमध्ये गाठलं," ती वाळलेल्या फांदीवर टाका घालत सांगायची. "म्हटलं, विचारलंस का? नाही म्हणे. अरे, देव दार उघडेल, पण कडी तर वाजव! म्हटलं, मुलगी आहे तरी कशी? नाव नको सांगू, नियम आहे, पण कशी आहे? तर म्हणे, बोलते."

"मग?"

"म्हटलं, किती बोलते? म्हणे, भरपूर. मी म्हटलं, बघ हं दादा, नीट विचार कर. जास्त बोलणाऱ्या बाईबरोबर जन्म काढणं सोपं नाही. मी चार बहिणींच्या घरातली, मला ठाऊक आहे."

मी उशीत तोंड घातलं.

"काय झालं?"

"दात दुखतोय."

"लवंग धर. आणि उंची विचारली. तर म्हणे, खुर्चीवर उभी राहिली तर माझ्याएवढी. म्हणजे बुटकी आहे बिचारी." हे म्हणताना ती पलंगावर बसली होती आणि तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिने त्याला शर्ट निवडून दिला. चौकटीचा नको, निळा घाल, म्हणाली. कसं विचारायचं त्याची तालीम घेतली, वनस्पतिसंग्रहाच्या कपाटांमध्ये उभं करून. "समज, मी ती मुलगी आहे. हं, विचार." मंत्री म्हणे दहा मिनिटं नुसता उभा राहिला, मग म्हणाला, "पाणी मिळेल का?"

हे मी पोट धरधरून इतरांना सांगितलं, पण मंत्र्याची बाजू मला नंतर डॉक्टरकडून कळली, तेव्हा हसू पळालं. तो डॉक्टरला म्हणाला होता, "मी आता विचारणारच नाही. जी मुलगी माझं दुसरीशी जुळावं म्हणून उपाशी राहते, तिच्या मनात माझ्याबद्दल काही असेल का? दादा म्हणते मला. दोन हाकांमागे एक दादा." नियम नियमच, म्हणून डॉक्टरने त्याला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला नखं खाताना पाहिलं. तीस तारीख अकरा दिवसांवर आली होती.

तिसऱ्या शुक्रवारी वकीलताई उभी राहिली. ओढणी सारखी केली. "प्रभू, त्या बहिणीने हो म्हणावं. पहिलं कारण..." आणि थांबली.

आम्ही वाट बघितली. एकेक डोळा उघडला.

"पहिलं कारण, तो फार चांगला आहे," ती म्हणाली, आणि आवाज कसा तरीच आला. "दुसरं..." ओढणी पुन्हा सारखी केली. "प्रभू, तुला माहीतच आहे." आणि खाली बसली.

दोन कारणांवर बसणारी वकीलताई आम्ही कधी पाहिली नव्हती. पुढच्या बुधवारी सकाळी तिने दोन उकडलेली अंडी आणि चार पाव खाल्ले.

"आज उपास ना गं तुझा?" मी विचारलं.

तिने पाव खाली ठेवला. "मी लबाड आहे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"परवा रात्रीपासून मी उलटी प्रार्थना करतेय. ती बोलकी, बुटकी मुलगी नाही म्हणू दे, असं मागतेय. पहिलं कारणसुद्धा तयार होतं माझं. की ती त्याला इतके दिवस ताटकळत ठेवते म्हणजे तिला त्याची किंमत नाही. अगं, ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्याच्याच विरुद्ध मी देवापुढे उभी राहिले! असं कुणी करतं का?"

"का पण?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "त्याने निळा शर्ट घातला आणि मला विचारलं, बरा दिसतो का? आणि मला वाटलं, दुसरीसाठी कशाला रे?" मग एकदम रडायला लागली आणि रडता रडता पाव खायला लागली.

मी काय सांगू! माझ्या जिभेच्या टोकावर ते होतं. मी जीभ दातांत धरली, शब्दशः, दुखेपर्यंत. मी एवढंच म्हटलं, "लबाडी केली असशील, तर ज्याच्याशी केली त्याला सांग. क्षमा माग. आपल्याला तेच शिकवलंय ना?" हे मी भक्तिभावाने म्हटलं असं नाही. पण देवाने ते भक्तिभावात मोजलं असावं.

"त्याला सांगू? जीव जाईल माझा."

"शुक्रवारी सांग. सगळे गेल्यावर, तो खुर्च्या उचलतो तेव्हा."

त्या शेवटच्या शुक्रवारी निरोपाची गाणी झाली, मंत्र्यासाठी प्रार्थना झाली, त्याला सगळ्यांनी मिळून एक कंदील दिला. आणि प्रार्थना संपताच सगळे इतक्या झटक्यात वर्गाबाहेर पडले, की आग लागल्यावरसुद्धा पडणार नाहीत. बाहेर पडले आणि दाराला कान लावून उभे राहिले. ते दार जुनं, खालची फळी निखळलेली, ऐकायला उत्तम. हे बरोबर नव्हतं, मी मान्य करते. पण मी पहिल्या रांगेत होते.

आत खुर्च्यांचा आवाज. एक, दोन, तीन. मग तिचा आवाज.

"दादा, मला तुझी क्षमा मागायचीय."

"कशाबद्दल?"

"मी तुझा विषय सोडतेय. मला तो पेलला नाही. चार दिवस झाले, मी तुझ्या विरुद्ध प्रार्थना करतेय."

"विरुद्ध म्हणजे?"

"तिने नाही म्हणावं म्हणून."

खुर्ची खाली ठेवल्याचा आवाज. इतक्यात जिन्यातून किल्लीमामा वर आले. किल्लीमामा म्हणजे त्या इमारतीचे शिपाई, साडेसातला कुलूप म्हणजे साडेसातला. "अरे, काय गर्दी केलीय? बाजूला व्हा, कुलूप लावायचंय मला!"

"शू!" सतरा जण एकदम म्हणाले.

"आत कुणी मेलंय का काय?"

"नाही मामा," डॉक्टर त्यांच्या कानात म्हणाली, "जुळतंय."

मामांनी टोपी काढली, मला कोपराने ढकललं आणि फळीला कान लावला.

"का पण?" आत मंत्री विचारत होता. "तिने नाही म्हणावं, असं तुला का वाटलं?"

"ते विचारू नकोस. माझं मन कोतं आहे, एवढं पुरे. तू तिला विचार. मी आडवी येणार नाही. आजच विचार, परवा निघायचंय तुला."

"विचारलं."

"कधी?"

"आत्ता. विचारतोय."

नंतर तिने आम्हाला सांगितलं, की तिने आधी मागे वळून पाहिलं. मग खुर्च्यांच्या चळतीमागे पाहिलं. वर्गात बरण्यांशिवाय कुणी नव्हतं.

"इथे तर कुणीच नाही," ती म्हणाली.

"बोलते भरपूर," मंत्री म्हणाला, "पण ऐकत नाही." आणि मग तो माणूस, ज्याने तीन वर्षांत सलग दोन वाक्यं जोडली नव्हती, तो एका दमात सुटला. "पहिल्या शुक्रवारीच सांगणार होतो, तूच उठून उभी राहिलीस. तुझ्यासमोर तुझ्याबद्दल काय सांगू? शर्ट तू निवडलास, तालीम तू घेतलीस, त्या दिवशी मी खरंच विचारणार होतो तर घसाच बंद झाला. तू म्हणालीस ती ठार आंधळी आहे. मला पटलं."

आतून धप्प असा आवाज आला. ती बसायला गेली आणि खाली खुर्ची नव्हती, ती त्याने नुकतीच चळतीवर ठेवली होती. आम्ही बाहेर एकमेकांचे दंड धरून उभे. मामा पुटपुटले, "पोरीला उचल की लेका!"

आणि मग तिचं हसणं ऐकू आलं. जमिनीवर बसल्या बसल्या ती जे हसायला लागली, ते थांबेचना. मध्ये मंत्र्याचं हसणं मिसळलं, बरण्यांच्या काचा किणकिणल्या असाव्यात. हसता हसता ती म्हणाली, "हो. अरे हो. हो म्हणतेय ना! आणखी कितीदा सांगू?" त्याने एकदाही पुन्हा विचारलेलं नव्हतं.

तेवढ्यात खालची फळी निसटली आणि दार उघडलं. डॉक्टर, मी आणि किल्लीमामा, तिघं आत पडलो.

वकीलताई उठून ओढणी झटकत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, मग मागे दारात उभ्या असलेल्या सगळ्यांकडे. "कोण कोण ऐकत होतं?" तिने शिवणयंत्रवाल्याच्या मुलीला शोभेल अशा कडक आवाजात विचारलं.

सगळ्यात आधी मामांनी हात वर केला.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना," मामा म्हणाले, "पण फार उशिरा वाटते. कुलूप लावू का आता?"

"लावा. आम्हाला चहाला जायचंय."

"आम्हाला म्हणजे कुणाला?" डॉक्टरने विचारलं.

"आम्हा दोघांना," ती म्हणाली, आणि तिचे कान त्याच्यापेक्षा लाल झाले. "तुम्ही या मागून. अंतर ठेवून."

ते जिना उतरले, अंगण ओलांडलं आणि चालायला लागले. ती बोलत होती, हातवारे करत, मान वर करून. तो ऐकत होता. आम्ही सतरा जण वीस पावलं मागे आणि आमच्या मागे हातात किल्ल्या घेऊन मामा. कँटीन डावीकडे होतं. ती दोघं उजवीकडे वळली, ग्रंथालयाच्या रस्त्याला, जिथे चहा काय, पाणीसुद्धा मिळत नव्हतं. कुणीच त्यांना हाक मारली नाही. आम्हीही उजवीकडे वळलो.